वेटरचे पाय

अमेरिकेतल्या श्रूजबरीत आमच्या शेजारी एक अमेरिकन बाई राहतात. आमच्या मुलीनं लहानपणी त्यांना आजी म्हणायला सुरुवात केली, मग आम्हीही म्हणू लागलो. त्यांचे वडील मूकपटांत विनोदी कामं करायचे. हिरो कधीच नव्हते. हिरो ज्याच्या अंगावर आदळतो तो हवालदार, मुलगी द्यायला नकार देणारा सासरा, पियानो उचलणाऱ्या चौघांतला तिसरा. बऱ्याच चित्रपटांत त्यांचं नावसुद्धा आलं नाही. बोलपट आले, कामं थांबली, आणि पुढं आयुष्यभर त्यांनी हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकले. आजी हे सांगताना कधी कुरकुरल्या नाहीत. "हिरो पडला की लोक हसायचे," त्या म्हणायच्या, "पण शेजारी कोणीतरी न हसता उभं असेल तरच त्या पडण्यात मजा. ते उभं राहणं माझ्या वडिलांचं."

त्यांच्या कामाचं एकच रीळ घरात उरलं होतं. आजींनी ते लहानपणी चादरीवर पाहिलेलं; मग प्रोजेक्टर मोडला तो मोडलाच. सात वर्षांपूर्वी, ऐंशीव्या वाढदिवसाला सगळ्यांना दाखवायचं म्हणून त्यांनी ते मला दिलं. मंडळाच्या गणपतीत प्रोजेक्टर मीच सांभाळतो, तेव्हा हे काम माझ्याकडे येणारच होतं.

एका दुकानातून मी ते स्कॅन करून आणलं. चित्र जुन्या पद्धतीचं, जवळजवळ चौकोनी. टीव्हीवर लावलं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे. आता हे आपल्या लोकांचं जुनंच दुखणं आहे. एवढा मोठा टीव्ही आणायचा आणि त्यात काळे पट्टे बघायचे? भारतातून आईबाबा आले की चहाच्या आधी रिमोट घेऊन चित्र ताणतात. मी ताणलं नाही, माणसं जाडी दिसतात एवढं मला कळतं. मी झूम करून पडदा भरला. टोप्या कापल्या जात होत्या, म्हणून चित्र खाली सरकवलं. जे कापलं ते सगळं खालून.

बायको म्हणाली, "अरे, एकदा पूर्ण बघितलंस का?"

"बघितलं गं. दहा मिनिटांचं तर आहे."

बघितलं नव्हतं.

वाढदिवसाला आजींच्या घरी वीस-पंचवीस माणसं. पडद्यावर हॉटेल. हिरो साबणाचं पाणी सांडतो, मागून वेटर सूपचा ट्रे घेऊन येतो. तो वेटर म्हणजे वडील. दगडासारखा चेहरा, सरळ ट्रे, या टेबलापासून त्या टेबलापर्यंत गेला. संपलं. कोणी हसलं नाही. कोणीतरी खोकलं.

"त्यांचे पाय कुठं गेले?" आजींनी विचारलं.

त्या क्षणी मला कळलं काय झालंय ते. आणि मी म्हणालो, "फिल्मची खालची कड खराब झाली होती, आजी. उकाड्यानं."

"माझ्या आईनं ते माळ्यावर टाकलं होतं," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "किती उन्हाळे! तिला त्यांच्या कामाची कधी कदरच नव्हती."

पूर्ण फाइल माझ्या हार्ड डिस्कवर होती. त्या दिवशी दुरुस्ती पाच मिनिटांची होती, फक्त 'मी चुकलो' म्हणायला हवं होतं. आठवड्यानं ते अवघड झालं, वर्षानं तर जीभच उचलेना. दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आजी माळ्याची गोष्ट कोणाला ना कोणाला सांगायच्या आणि मी ताटात बघत बसायचो.

ती फाइल मात्र मी एकटा पुन्हा पुन्हा बघायचो. कंबरेच्या वर तो माणूस राजवाड्यातला. कंबरेखाली हाहाकार! उजवा पाय पळ काढतो, टाच गरकन फिरते, डावा त्याला ओढून आणतो, गुडघे एकमेकांवर आपटतात, आणि वर ट्रेमधलं सूप डचमळतसुद्धा नाही. कॅमेऱ्याचं सगळं लक्ष हिरोकडे, हा मागे. तरी एक पाऊल ढिलं नाही. पडद्यावर नाव येणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसानं ते केलं होतं. मी चार लोकांत नाव खराब होऊ नये म्हणून खोटं बोललो होतो.

या एप्रिलमध्ये आजी म्हणाल्या, आता डोळ्यांना समोरचं मधलं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं, डॉक्टर तेही जाईल म्हणतात. मी घरी गेलो, लॅपटॉप उचलला, परत आलो आणि उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं.



"सात वर्षं मी आईला बोल लावला. लोकांसमोर."

"हो."

"तू तिथंच असायचास. माझ्या टेबलावर जेवत."

"हो, आजी."

"लाव."

काळ्या पट्ट्यांसकट लावलं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं, म्हणजे टीव्ही डोळ्याच्या कडेला येईल. मी शेजारी बसून सांगू लागलो, "आता उजवा पाय घसरला. आता डावा..."

"डावा नाही, आधी टाच," त्या म्हणाल्या, आणि टाच फिरली तशा इतक्या हसल्या की खुर्ची कुरकुरायला लागली.

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "थँक्सगिव्हिंगला ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांना बोलावते. माळ्याची गोष्ट या वेळी तू सांगायचीस."

"सांगतो."

त्यांनी पुन्हा तोंड खिडकीकडे वळवलं. "परत लाव. आणि आता मध्ये बोलू नकोस."