गरम जॉबचं माप

आडनाव सांगितलं. मॅडमनी मान वर केली नाही.

"गाव?"

गाव सांगितलं.

"गावात घर कुठल्या बाजूला होतं, काका?"

"ओढ्यापलीकडं," मी म्हणालो. त्यांनी पुढची चौकट पेन्सिलीने भरली. चौकटीवर काय छापलंय ते मी उलटं वाचलं. जात. विचारली नाही. भरली.

चाकणच्या आमच्या कंपनीचं कँटीन होतं ते. मॅडम पुण्याच्या, समाजशास्त्राच्या प्राध्यापक. पहिल्या शिफ्टला कंत्राटी बायका दांड्या का मारतात, याचा अभ्यास कंपनीने त्यांना दिला होता. कामगार प्रतिनिधी म्हणून मलाही बोलावलं होतं. मॅडमच्या खुर्चीमागे एचआरचे साहेब हाताची घडी घालून उभे. मॅडम एकेका बाईला विचारत होत्या, "काही अडचण आहे का?" बाई साहेबांकडे बघायची आणि म्हणायची, "न्हाई."

मी बावीस वर्षं क्वालिटीत आहे. मशिनवरून उतरलेला जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, गरम असतो. गरम जॉब मोजायचा नाही. लोखंड फुगलेलं असतं, माप खोटं येतं. थंड होऊ द्यायचा, तेल पुसायचं, मग मोजायचा. त्याआधी हातातलं गेज, म्हणजे मोजायचं साधन, तपासायचं. नव्या माणसाला आम्ही हे पहिल्या दिवशी शिकवतो.

महिन्याने ट्रेनिंग हॉलमध्ये अहवाल वाचला गेला. चाळीसेक माणसं होती. पडद्यावर रंगीत तक्ते. निष्कर्ष असा: या समाजघटकांत औद्योगिक शिस्त अजून रुजलेली नाही. शिफारस अशी: सर्वांत जास्त दांड्या असलेल्या नऊ बायकांना कमी करावं.

मी उठलो. "मॅडम, उत्तरं घेताना साहेब मागे उभे होते. हे माप खरं कसं धरायचं?"

मॅडम हसल्या. "काका, तुम्ही लोखंड मोजता. समाजशास्त्र हे शास्त्र आहे. त्याची पद्धत असते. ते तुमच्यापर्यंत नाही पोहोचणार."

साहेब म्हणाले, "बसा काका. चहा गार होतोय."

हॉल हसला. माझ्या लाइनची माणसंही हसली. आणि मी बसलो. हसणं मी विसरेन. बसलो ते विसरत नाही.

मोशीला घरी येईपर्यंत मनाशी ठरवून टाकलं: हे शास्त्र नाही, पदवी लावलेलं ज्योतिष आहे. खरं कारण मला ठाऊक होतं. बस. कंपनीची बस चिखलीच्या आतल्या थांब्यावर येणं बंद झालं होतं. मी त्या नऊ बायकांना जेवणाच्या सुट्टीत गाठलं. "बस आत येत नाही म्हणूनच ना?" नऊच्या नऊ म्हणाल्या, "व्हय दादा, बसच." नऊपैकी नऊ! मी खूश.

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बसचं नाव आधी कुणी काढलं?"

"मी."

"मग त्या दुसरं काय सांगणार? तुम्ही नि तुमच्या मॅडम, एकाच शाळेचे दिसताय."

लागलं. पण खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सुनंदाताईंकडे गेलो. लातूरकडच्या, पाच वर्षं पॅकिंगला. त्या नऊजणींत त्यांचं नाव पहिलं होतं. या वेळी मी प्रश्न विचारला नाही. नुसता बसून राहिलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "दादा, तुमी आमचा माल नापास करणारा माणूस. तुमाला खरं कसं सांगावं?"

बावीस वर्षांत मी हजारो गेज तपासली. मीही एक गेज आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आज नापास करायला नाही आलो," मी म्हणालो.

तेव्हा त्या बोलल्या. "पाणी एक दिवसाआड येतं. आमी नऊजणी एकाच चाळीतल्या, अख्ख्या चाळीला एकच नळ. तो सहाला येतो, बसबी सहाला येते. पाणी नाही भरलं तर दोन दिस लेकरं काय पितील? ताप आला म्हणून सांगायचं, दुसरं काय! पाण्यापायी दांडी म्हणलं तर तुमी हसताल."

यावरही मी विश्वास ठेवला नाही. आता माझा कुणावरच विश्वास नव्हता, स्वतःवर तर नाहीच. पुढच्या पंधरा दिवसांत, सुट्टी सोडून, पाण्याचे सात दिवस येत होते. ते आधीच कागदावर लिहिले. खाली लिहिलं: या दिवशी या नऊजणींच्या दांड्या वाढतील, नाही वाढल्या तर माझं चुकलं. मग हजेरी पाहत गेलो. सातांपैकी सहा दिवशी वाढल्या. एका दिवशी नाही. का, ते कळलं नाही. तसंच लिहून ठेवलं.

तो चुकलेला दिवस लिहिताना मॅडमच्या अहवालात काय नव्हतं ते कळलं. तो अहवाल कुठे चुकू शकतो, याला त्यात जागाच नव्हती. शास्त्र माणसांचंही होऊ शकतं. पण मोजणाऱ्याने आधी स्वतःला तपासायला द्यावं लागतं. आपण चुकीचे ठरू ती अट आधी लिहून द्यावी लागते. ज्याला हे नको, त्याला फक्त आमच्यावर शिक्का मारायचा असतो.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. अहवाल मान्य असल्याची प्रतिनिधीची सही हवी होती. मॅडमही होत्या. मी माझा कागद पुढे ठेवला.

मॅडमनी पाहिला. "नमुना फार लहान आहे, काका."

"आहे. मोठा घ्या. पण कंपनीबाहेर घ्या, साहेबांशिवाय. प्रश्न आधी बायकांना दाखवा. मीही तिथे नसेन."

मॅडमनी कागद साहेबांकडे सरकवला. साहेब म्हणाले, "काका, नोकरीची चार वर्षं राहिलीत तुमची. उगाच कशाला?"

मी सही केली नाही. आजही केलेली नाही. नऊ बायका अजून कामावर आहेत. उद्याचं सांगता येत नाही. त्यांना काढलं, तर कामगार कार्यालयात त्यांच्या बाजूने पहिली साक्ष माझी असेल, चुकलेल्या दिवसासकट. माझे आकडे कुणीही तपासावेत, चुकले तर तोंडावर सांगावं. पण आम्ही कोण आहोत हे आम्हाला न विचारता कुणी लिहिणार असेल, तर त्या कागदाच्या आड मी येणार. चार वर्षं राहोत, नाहीतर चार दिवस.