जमादारांचा शेरा

हळद उकडल्याचा वास आला की मला माझ्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संचाच्या, परवान्याची आठवण होते. परीक्षा पास झाले होते, फक्त पोलिसांची चौकशी राहिली होती. त्यासाठी भर दुपारी एक जमादार हट्टा गावाजवळच्या आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, आले. उकडलेली हळद चहूकडे वाळत होती, जेमतेम एका बाजेपुरती जागा मोकळी. चहाचा कप घेत त्यांनी विचारलं, "रेडिओ काहून पाहिजे, ताई?" मी म्हणाले, "वादळाचा ढग दिसला की पुढच्या गावांना सांगायला." "त्याला मोबाइल हाय की." "वारं सुटलं की पहिले टावरच बंद पडतंय, साहेब." त्यांना काही ते पटलं नाही. ऊन लख्ख होतं, पण मावळतीला एक ढग फुलकोबीसारखा वर चढत होता आणि त्याचं बूड काळंनिळं झालं होतं. मी म्हणाले, "साहेब, चहा ठेवा आन् ताडपत्रीचं टोक धरा." ते हसले, पण उठले. सासूबाई, मी आणि ते, तिघांनी हळद ओढून ढीग केले. शेवटचा झाकला तोच पत्र्यावर गारा वाजायला लागल्या. स्वतःच्या घरची हळद झाकायला सांगावं म्हणून त्यांनी फोन काढला, तर टावर गेलेला. मग पिवळ्या बोटांनीच त्यांनी कागदावर लिहिलं, 'अर्जदारास ढग कळतो. परवान्यास हरकत नाही.' आता मी सेटवर हाक दिली की पहिलं उत्तर त्यांचंच येतं. निवृत्त झाल्यावर त्यांनीही परीक्षा दिली, आणि चौकशीला आलेल्या पोलिसाला म्हणे चहाच्या आधी ताडपत्री दाखवली.