नातीला आणायला दोह्याला

विमानात बसलो तेव्हा पिशवीत अब्बांचं मुखत्यारपत्र होतं आणि कानात त्यांचा शब्द: "इस्माईल तिकडच्या मातीत गेला. त्याची पोर तरी घेऊन ये."

इस्माईल माझा भाऊ. कतारमध्ये बापामागे मुलाचं पालकत्व आजोबांकडं येतं. त्यांनी सोडलं तर कोर्ट आईला नेमू शकतं. वकिलानं घेण्याचा आणि सोडण्याचा, असे दोन्ही अधिकार लिहिले होते. अब्बांनी दुसरा वाचलाही नव्हता.

रत्नागिरीच्या कोर्टात नोकरीला असल्यानं तिथली वारसाची, पालकत्वाची जुनी प्रकरणं मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. त्यांत माड, फणस, तांब्याची भांडी सगळं मोजलेलं असतं. मुलाचं फक्त नाव आणि वय. तुला कुणाकडं राहायचंय, असं कुणी मुलाला विचारल्याचं मला एकाही कागदावर दिसलं नाही.

दोह्यात बाहेर पडताच दमट हवेनं चष्मा धुकटला. अल दुहैल भागातल्या घरी रुखसानानं, इस्माईलच्या बायकोनं, सुरमई तळली होती. स्वतः मात्र जेवली नाही.

"भाईजान, एकच सांगा. हिनाला नेणार?"

"अब्बांचं तसं म्हणणं आहे."

"आणि तुमचं?"

मी माशाचे काटे काढत राहिलो.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मुखत्यारपत्राचं अरबी भाषांतर मागितलं. ते मी आणलंच नव्हतं. "बुक्रा (उद्या), इन्शाल्ला," कारकून हसून म्हणाला. वेस्ट बे भागातल्या एका कचेरीत भाषांतर करायला टाकलं आणि संध्याकाळी रुखसानानं गाडी समैस्माच्या किनाऱ्यावर नेली. इथल्या समुद्राला लाट नाही. बरंच आत गेलं तरी पाणी गुडघाभर. नऊ वर्षांची हिना शिंपले वेचत होती. मी तिला विचारलं, कुठं राहायचंय?

"हिअर. विथ मम्मी." मग घाबरून, "चाचा, राग आला?"

"नाही. पण दादांना (आजोबांना) तूच सांग." मी अब्बांना फोन लावून, स्पीकर चालू करून तिच्या हातात दिला.

"दादा, आम्ही दर जुम्म्याला (शुक्रवारी) कब्रस्तानला जातो. बायकांना आत सोडत नाहीत, भिंतीपाशी उभं राहतो. मी तिकडे आले तर माझ्या अब्बांकडे कोण जाणार?"

रुखसाना पाठमोरी उभी होती.

"चाचाला दे," अब्बा म्हणाले. मग मला: "तिच्या आईच्या नावे कर." आणि फोन ठेवला.

कोर्टात दुभाष्यामार्फत मी तेवढंच सांगितलं. रुखसानाचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा ती उठायचंच विसरली. हिनानं तिला कोपरानं ढोसलं, "मम्मी, यल्ला (चल)!"

परतीच्या विमानात हिनासाठी घेतलेली जागा रिकामी होती. ती पाहून इस्माईल आणखी दुरावल्यासारखं वाटेल, अशी भीती होती. तसं वाटलं नाही. तो आहे तिथं त्याचं माणूस आहे.

घरी अब्बा ओट्यावर बसले होते. प्रवास कसा झाला, हेही विचारलं नाही.

"माझ्या वयात पासपोर्ट देतात काय रे?"