आधी चौकडा, मग मोर

मास्तरनं माझी बिघडलेली पुठ्ठ्याची कार्डं सुतळीत ओवली आणि ती माळ माझ्या गळ्यात घातली. मग मानगूट धरून मला कारखान्यातल्या मागांच्या रांगेतून फिरवलं. माणसं माग थांबवून बघत होती. माझा बापही तिथंच होता. त्यानं मान खाली घातली. मास्तरपेक्षा मला त्याचा जास्त राग आला.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. बहात्तरच्या दुष्काळानं आम्हाला करमाळ्याहून सोलापुरात आणून टाकलं होतं. चादरीच्या कारखान्यात बाप माग चालवायचा, आई सुताच्या कांड्या भरायची. दिवसभर खोकायची. मालकानं कार्डं पाडायला शिकवायचा वर्ग काढला. कार्डं पाडणारा कारागीर वेगळ्या खोलीत, पंख्याखाली बसतो. आई म्हणाली, "ते शिक. माज्यावानी कापूस खात बसू नगं."

काम असं. चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवलेली असते. ती बघून लोखंडी पाटावर पुठ्ठ्याच्या कार्डाला हातोडीनं भोकं पाडायची. भोक असलं की धागा उठतो, नसलं की बसतो. मागाला एवढंच कळतं. नवशिक्याला आधी चौकडा देतात. एक घर काळं, एक पांढरं. तो हातात बसला की वेल, मग फूल. मोर लई शेवटी.

मालकाच्या घरची पोरं बाकावर. त्यांना चौकडा. आम्ही वस्तीतली फरशीवर. आम्हाला पहिल्याच दिवशी मोर! मोरात तीन रंग. कुठल्या रंगाला भोक, कुठला सोडायचा, कुणी सांगितलं नाही. मी सगळ्याच रंगांना भोकं पाडली. कार्डं मागावर चढली आणि चादरीत मोराच्या जागी ढेकूळ उमटलं.

"जातच ती," मास्तर बाकाकडं बघून म्हणाला. "टाळक्यात भोक पाडलं तरी काय शिरत न्हाय ह्यांच्या."

बाकावरची पोरं खदाखदा हसली. मग ती माळ, ती वरात.

घरी बापानं मारलं. "लाज घालवलीस की गं माजी." मार खातानाच मला लख्ख कळलं. आम्ही पडावं म्हणूनच मोर दिला होता. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलायचं आणि वर म्हणायचं, ह्यांना बुडायची खोडच हाय.

दुसऱ्या सकाळी परत मोर आला. मी कागद टराटरा फाडला.

"मला आदी चौकडा द्या. मग मोर मागा."

"तू शिकवतीस व्हय मला?"

त्यानं माझा हात लोखंडी पाटावर दाबला, दुसऱ्या हातानं हातोडी उचलली. भीती घालायला की खरंच, ते मी विचारत बसले नाही. त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. हातोडी पडली. ती मी उचलली आणि त्याच्या बोटांवर हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला. मला तो आवडला. आजही खोटं बोलणार नाही.

बापाचं काम त्याच दिवशी गेलं. आई पुढं त्याच खोकल्यानं गेली. मास्तरला मी माफ केलेलं नाही.

चौकडा मी दुसऱ्या गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराकडं शिकले. मग वेल, फूल, मोर, सगळं. आता वस्तीतली पोरं माझ्याकडं येतात. ज्याला जेवढं येतं त्याच्या बोटभर वरचं काम त्याला देते. फार सोपं देत नाही. सोपंच देत राहणं म्हणजेही ह्यांना झेपणार नाही असं म्हणणंच. पोरगं अडलं की मी शेजारी बसते. चुकलं तर चूक कुठं झाली ते त्यालाच शोधायला लावते. हात उचलत नाही.

पण पाडायचं म्हणून माझ्या पोरांना कुणी अवघड दिलं आणि पडल्यावर त्यांची जात काढली, तर मी हात जोडणार नाही, अर्ज करणार नाही. त्याच्या दारात जाईन आणि भर दिवसा त्याचा हात मोडीन. पोरांनाही सोबत नेईन. त्यांनी बघायलाच पाहिजे.