घाईचा नाताळ

मावशींच्या घरी नाताळ कधीच वेळेवर आला नाही. सगळं जग पंचवीस डिसेंबरला केक कापायचं, तेव्हा मावशी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर बेडपॅन धूत असायच्या. वॉर्डात आया तीन, त्यांतल्या दोघींना सणाच्या दिवशी हमखास ताप यायचा. मावशींना कधी आला नाही. नाही म्हणायला जीभ रेटावी लागते, ती त्यांना जन्मात रेटता आली नव्हती. मग घरचा नाताळ त्यांच्या सुट्टीच्या दिवशी व्हायचा. कधी सत्तावीसला, कधी तीसला, आणि एकदा तर जानेवारीत, शेजाऱ्यांनी आपल्या चांदण्या उतरवून माळ्यावर टाकल्यावर.

मुलं लहानपणी यावरून कुरकुर करायची. त्यांचे बाबा समजूत घालायचे की सांताक्लॉज इतरांकडे उभ्या उभ्या जाऊन येतो, आपल्याकडे मात्र सगळी कामं उरकून निवांत चहाला येतो. बाबा बसवर ड्रायव्हर होते. रिटायर होऊन वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना ड्रायव्हरच म्हणायची. इंजिनाच्या घरघरीवर बोलून बोलून त्यांची कुजबुजसुद्धा चार घरं पलीकडे जायची आणि पोटात म्हणाल तर काही राहायचंच नाही. मुलांसाठी लपवलेल्या भेटवस्तू कुठे आहेत, हे मुलांना दरवर्षी तेच सांगून मोकळे व्हायचे.

घरात पैसा बेताचा, पण हौसेला मोल नव्हतं. झाड म्हणजे ड्रायव्हरांची जुनी मोठी छत्री. तिचं कापड फाडून काढलेलं, उघडी करून बादलीतल्या वाळूत रोवलेली, आणि काड्यांना हॉस्पिटलातून भंगारात निघालेल्या हिरव्या चादरींच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. पाहुण्यांना ते झाड आहे हे सांगावं लागायचं. केक मावशींचा, आणि तो मध्ये खचायचाच. त्या खड्ड्यात त्या जॅम ओतायच्या आणि हे आपण मुद्दाम केलंय असा चेहरा करायच्या. मुलं त्या खड्ड्यासाठी भांडायची. जेवणं झाली की ड्रायव्हर ताटावर चमचा वाजवून विचारायचे, "बोला, पुढचा स्टॉप कोणता?" मग प्रत्येकाने पुढच्या नाताळापर्यंत आपल्याला काय करायचंय ते एका वाक्यात सांगायचं. लाजायचं नाही, टाळायचं नाही. थोरल्याने नोकरी मिळवीन म्हणून याच टेबलावर सांगितलं होतं, आणि धाकटीने लग्न करणार नाही म्हणून. दोघांनी शब्द पाळला.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता मावशींच्या पोटात दुखायला लागलं. आधी त्यांनी ते अंगावर काढलं. मग साडीच्या निऱ्या रोज थोड्या जास्त घ्याव्या लागायला लागल्या, तेव्हा थोरला येऊन त्यांना आपल्या शहरात घेऊन गेला. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला थोरला आणि ड्रायव्हर दोघं गेले आणि येऊन म्हणाले की अल्सर आहे, गोळ्यांनी जाईल. थोरला हे सांगताना पंख्याकडे बघत होता. मावशींनी गोळ्या घेतल्या, कामावर बिनपगारी रजा टाकली आणि घरी आल्या.

नोव्हेंबर लागला आणि थोरल्याचा फोन आला. डिसेंबरात साहेब सुट्टी देत नाहीत, तेव्हा यंदा नाताळ येत्या रविवारीच करून टाकू का? मावशी स्टुलावर बसून बटाटे सोलत होत्या. बरं, म्हणाल्या. फोन ठेवला आणि सोललेला बटाटा पुन्हा सोलायला घेतला.

कारण वॉर्डात या गोष्टीला नाव होतं. घाईचा नाताळ. वर्षातून दोन-तीन तरी व्हायचे. एखाद्या खाटेभोवती ऑक्टोबरातच चकचकीत झिरमिळ्या लागायच्या, नातेवाईक टोप्या घालून यायचे, नर्स टाळ्या वाजवायच्या, आणि सगळे खोलीबाहेर येऊन जिन्यात रडायचे. खाली पडलेल्या झिरमिळ्या मावशी झाडायच्या. एका वर्षी तिथे एक शाळेतल्या बाई होत्या. घरचे हसत हसत निरोप घेऊन गेल्यावर त्यांनी डोक्यावरची कागदी टोपी काढली आणि मावशींना विचारलं, आज तारीख काय आहे हो? मावशी बादलीत बघत म्हणाल्या, मला नाही माहीत. बाई म्हणाल्या, "मला माहितीये. पण त्यांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल." आठवडाभरात खाट रिकामी झाली. गादी पुसताना मावशींना त्या बाईंच्या मरणापेक्षा जास्त या गोष्टीचं वाईट वाटलं, की एवढी माणसं एकमेकांवर जीव टाकत होती आणि शेवटपर्यंत एकमेकांशी एक शब्द खरा बोलली नाहीत. आपल्या घरी असं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. अर्थात तेव्हा ते ठरवायला काही लागत नव्हतं.

आता लागत होतं. मरणाची भीती त्यांना वाटली, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त राग आला. जन्मभर मी दुसऱ्यांच्या घरची ही नाटकं पाहिली आणि माझीच पोरं मला प्रेक्षक समजतात, असं त्यांना झालं. बोलायचं तर पुष्कळ होतं. ह्यांच्याकडे कोण बघणार, ह्यांच्या हृदयाच्या गोळ्या कुठली कधी, धाकटीने एकटं राहायचं तर कसं राहायचं. पण ज्या घरात अल्सर आहे, त्या घरात हे बोलणार कसं?

नवल वाटत होतं ते मात्र ड्रायव्हरांचं. रिपोर्ट आणायला हे स्वतः गेलेले, तरी चेहऱ्यावर रेषा हलत नव्हती. शिट्टी वाजवत त्यांनी माळ्यावरून छत्री काढली, वाळू चाळली, दुकानात, नाक्यावर, जो भेटेल त्याला सांगत सुटले की यंदा आमच्याकडे नाताळ सगळ्यांच्या आधी. मावशींनी त्यांना एक संधी देऊन पाहिली. पट्ट्या गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं, यंदा इतकं लवकर का हो? ते म्हणाले, "पोराला सुट्टी नाही ना. आणि एवढी वर्षं उशिरा केला, एकदा लवकर केला तर काय बिघडलं?" आणि पुन्हा शिट्टी. मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. या माणसाच्या पोटात आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी राहिलंय आणि ते हे. त्यांना नवऱ्याची दयाही आली आणि थोडं कौतुकही वाटलं. मग त्यांनी ठरवलं की जेवण झाल्यावर, पुढच्या स्टॉपच्या वेळी, आपणच सांगायचं. म्हणजे बिचाऱ्याचा जीव मोकळा होईल.

रविवारी सकाळी सगळी आली. धाकटीने दारातच मिठी मारली आणि सोडायचं नाव घेईना. थोरला आईला पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देईना. सून फोनवर फोटो काढत होती. झाडाचे, ताटांचे, आणि मावशी बघत नाहीत असं वाटलं की त्यांच्या हातांचे. केक या वेळी धाकटीने करून आणला होता. चांगला फुगलेला, वरून सपाट. पाच वर्षांच्या नातीने तो चहूबाजूंनी फिरून बघितला आणि खड्डा कुठे गेला म्हणून विचारलं. ड्रायव्हरांनी चमच्याने मध्ये खणून खड्डा करून दिला. मावशींना दोन घास गेले. तिसरा त्यांनी तोंडात बराच वेळ धरून ठेवला आणि हळूच रुमालात घेतला. धाकटीने ते पाहिलं आणि मान फिरवली.

जेवणं उरकली आणि ड्रायव्हरांचा हात चमच्याकडे जायच्या आत थोरला घाईघाईने म्हणाला की यंदा ते स्टॉप वगैरे राहू दे, आई दमली असेल.

"का? बस बंद पडली का?" मावशी म्हणाल्या. "मी दमलेली नाही. होऊ दे."

नात म्हणाली, तिला दोन चाकांची सायकल शिकायचीय. सून काहीतरी संगणकाच्या कोर्सबद्दल बोलली. धाकटी म्हणाली, मी जास्त वेळा घरी येईन, आणि पाणी प्यायला लागली. थोरला म्हणाला, मीही. आता आईचा नंबर होता.

मावशींनी हे वाक्य आठवडाभर मनात घोळवलं होतं. बोलताना आवाज कापला नाही, याचं त्यांना बरं वाटलं.

"पुढच्या वर्षी नाताळाला माझ्यासाठी थांबायचं नाही," त्या म्हणाल्या. "पंचवीस तारखेलाच करायचा."

थोरल्याने डोळे मिटून घेतले. धाकटीच्या हातातला ग्लास टेबलावर आपटला. मावशी नवऱ्याकडे वळल्या. त्यांना वाटलं होतं, ते आता रडतील.

ड्रायव्हरांचा चेहरा उजळला होता. त्यांनी टेबलावर थाप मारली. "म्हणजे नोकरी सोडतेयस! सुटलीस एकदाची! अगं, किती वर्षं सांगतोय मी हिला," ते सुनेला सांगायला लागले, "की बाई, पुरे झालं ते लोकांचं उपसणं. ऐकेल तर शपथ. त्या अल्सरने तरी अक्कल दिली म्हणायची!" आणि कोणी विचारायची वाट न बघता ते आपला स्टॉप सांगायला लागले. हिला बसने फिरवणार. ज्या ज्या रस्त्यांवर गाडी मारली ते सगळे रस्ते दाखवणार, खिडकीची सीट हिला, आणि मी शेजारी, प्रवासी म्हणून. थंडी सरली की निघायचं. कंडक्टर सगळे ओळखीचेच आहेत.

मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. चाळीस वर्षं हे तोंड त्यांनी रोज वाचलं होतं, आणि या आठवड्यात साफ चुकीचं वाचलं. हा माणूस नाटक करत नव्हता. त्याला करताच येत नव्हतं, हे त्यांना माहीत असायला हवं होतं.

"मार्चमध्ये जाऊ," ते म्हणाले. "चालेल ना?"

"चालेल," मावशी म्हणाल्या. हा शब्द तोंडातून किती सहज गेला, याचीच त्यांना धास्ती वाटली. पोरांवरचा राग तिथल्या तिथे विरला. समोरचं माणूस एवढं खुशीत असलं की खोटं ठरवून बोलावं लागत नाही, ते आपोआप बोललं जातं.

धाकटी ताटं घेऊन त्यांच्या मागे स्वयंपाकघरात आली आणि रडत रडत सगळं बोलली. कॅन्सर होता, पसरलेला. डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं नाही, म्हणून दादा म्हणाला, त्यांना इतक्यात नको.

"ते रिपोर्टला गेले होते ना?"

"खाली गाडीत बसून होते गं. नो पार्किंग होतं. गाडी सोडून वर यायला तयारच होईनात." धाकटीने नाक पुसलं. "आज नको सांगूस, आई. आज किती खूश आहेत ते."

मावशींनी हात धुतले, पुसले. आज खूश आहेत, उद्याही असतील. परवा कोणालाच धीर होणार नाही. असेच दिवस जातील आणि एक दिवस हा माणूस मार्चमधली तिकिटं घेऊन आपल्या खाटेपाशी उभा राहील. त्यांनी लेकीला बाहेर जायला सांगितलं आणि नवऱ्याला हाक मारली.

ड्रायव्हर उरलेली ताटं घेऊन आले. मावशींनी ताटं काढून घेतली आणि त्यांना स्टुलावर बसवलं.

"अहो, मी नोकरी सोडत नाहीये," त्या म्हणाल्या. "अल्सरही नाहीये. कॅन्सर आहे. मार्चपर्यंत मी नसेन बहुतेक."

त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे थोरला उभा होता. त्याच्याकडे पाहून त्यांना कळलं की हे खरं आहे, आणि त्याला आधीपासून माहीत आहे. मग बाहेरच्या खोलीतलं हिरव्या पट्ट्यांचं झाड दिसलं, आणि तेही कळलं.

"म्हणून लवकर," ते म्हणाले.

"म्हणून लवकर."

मावशींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मी सगळ्या गल्लीला सांगितलं गं," ते म्हणाले. "म्हटलं, पोरांना यंदा आमच्यावाचून डिसेंबरपर्यंत दम निघत नाहीये."