बोहुमीरचा जिवंत गाळ

प्शेरोव गावात कुणी माशांची नवी टाकी मांडली, की पहिला निरोप बोहुमीरकडे जायचा. काच, वाळू, पंप, मासे, सगळं दुकानात मिळतं. गाळ मिळत नाही. मासे पाण्यात घाण करतात, ती घाण पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात राहतात, आणि ते आपसूक रुजायचे म्हणजे महिना-दीड महिना जातो. तोवर पाणी दिसतं लख्ख आणि असतं विष. बोहुमीर यायचा, आपला तपकिरी, कुजक्या पाल्याचा वास मारणारा स्पंज नव्या टाकीत पिळायचा, आणि पाण्यात जीव यायचा. कारखान्यात पाइप जोडण्यात त्याचा जन्म गेला, पण गावात त्याची ओळख गाळवाला हीच होती.

माणूस अंगाने आडवा आणि तोंडाने फटकळ. कुणाच्या टाकीत डोकावला की गोड बोलणं नाही. "पाणी मेलंय तुझं. मासे अजून मेले नाहीत, एवढंच," असं म्हणून टोपी घालून चालू पडायचा. लोक चिडायचे, पण विश्वास ठेवायचे. पाण्याबद्दल हा माणूस खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या शरद ऋतूत त्याच्या बायकोचं, यार्मिलाचं, पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने बोहुमीरला एकट्याला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. तिकडची तेव्हाची रीतच तशी. आजाऱ्याला काही सांगायचं नाही, घरच्यांना सांगायचं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाला, की पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं, रोग सगळीकडे पसरला होता, काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरी न्या, नाताळ होईल, वसंताचं सांगता येत नाही. बोहुमीर टोपी पिळत उभा राहिला. मग खाटेपाशी जाऊन म्हणाला, "सगळं काढलं. आता स्वच्छ आहे."

"बरं झालं," यार्मिला म्हणाली. "मग उन्हाळ्यात ऑस्ट्रावाला जाऊन येईन. किती दिवस अशी तोंड फिरवून बसणार आम्ही दोघी?"

ऑस्ट्रावाला तिची बहीण होती. आईच्या घरावरून दोघींचं बोलणं तुटलं होतं, आणि ते जोडायचा विषय यार्मिलाने पहिल्यांदाच काढला होता. बोहुमीर म्हणाला, "जा की उन्हाळ्यात."

डिसेंबरात, नाताळच्या जेवणासाठी, चौकात जिवंत कार्प माशांची पिंपं लागली. दरवर्षी यार्मिला स्वतः मासा निवडायची, दोन-तीन दिवस बाथटबात ठेवायची आणि सणाच्या दिवशी हातोडीने एका घावात काम उरकायची. शेजारचा क्विदो थट्टा करायचा, की नाताळात या घरात मासा आंघोळ करतो आणि माणसं पारोशी राहतात. या वर्षी मासा तिने निवडला, पण बादली क्विदोने वाहून आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्प एका कुशीवर कलला होता आणि तोंड वर काढून हवा गिळत होता. यार्मिला टबाशेजारी स्टूल टाकून बसली होती. गाऊनमधून तिचे खांदे हँगरसारखे दिसत होते.

"याचं काही खरं नाही, बोहुमीर."

"परवा ताटातच जायचाय तो."

"मग परवापर्यंत तरी जगव. गावभर डंका आहे ना तुझ्या त्या घाणीचा?"

पाणी बदलून भागलं असतं. पण ती माशाकडे ज्या नजरेने बघत होती, ती बोहुमीरला सहन झाली नाही. त्याने मोठ्या टाकीतल्या दोन स्पंजांपैकी एक काढला आणि पंपासकट टबात सोडला. संध्याकाळपर्यंत कार्प सरळ झाला, कल्ले संथ हलू लागले. यार्मिला हसली. इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदा.

"म्हाताऱ्या, वल्ली आहेस तू."

त्या हसण्याने त्याची अक्कल गहाण पडली, असं म्हणायला हरकत नाही. कारण पुढे त्याने जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याने त्याचा कान पिळला असता.

सणाच्या दिवशी यार्मिलाने हातोडी उचलू दिली नाही. दोघांनी बटाट्याच्या सॅलडबरोबर डुकराच्या मांसाचे तळलेले काप खाल्ले, आणि दिवस मावळायच्या आत बादली घेऊन बेच्वा नदीवर गेले. ती सबंध वाट चालली. कार्प काठाशी थोडा घुटमळला आणि काळ्या पाण्याखाली गेला.

"जगेल ना?"

तळ्यात पोसलेला, पिंपात आणि टबात उपाशी राहिलेला मासा हिवाळ्यातल्या नदीत तग धरत नाही, हे बोहुमीरला चांगलं माहीत होतं. "जगेल," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने टबातला स्पंज परत मोठ्या टाकीत लावला. बाहेरच्या पाण्याचा थेंबसुद्धा आत येऊ द्यायचा नाही, हे तो गावाला बजावत आला होता. आज त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

जानेवारीत मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाची बैठक गुत्त्याच्या मागच्या खोलीत भरली. नव्या वर्षाचा पहिला गाळ बोहुमीरच्या हातचा, असा तिथला प्रघात होता. लोक काचेच्या बरण्या पुढे करत होते, हा स्पंज पिळत होता. क्विदोने दोन बरण्या भरून घेतल्या.

पुढच्या आठवड्यात मोठ्या टाकीतले एंजल मासे दगडांना अंग घासू लागले. बोहुमीरने काचेला नाक लावून पाहिलं. पाणी इतकं नितळ होतं, की मासे अधांतरी तरंगल्यासारखे वाटत होते. एका पंखावर रव्याच्या कणाएवढा पांढरा ठिपका होता. दुसऱ्या दिवशी त्या पंखावर रवा सांडल्यासारखा दिसत होता. तळ्यातल्या माशाचा रोग थंड पाण्यात दबून होता, स्पंजावर बसून इथे आला आणि उबेत फुटला. हे त्याला कळलं, आणि त्याच क्षणी बरण्या आठवल्या.

औषध होतं, निळं. ते रोगाला मारतं आणि गाळालाही सोडत नाही. म्हणजे माशांना वाचवायचं तर स्पंज गेला. कुणाकडून चांगला गाळ मागून आणावा, तर गावातला गाळ सगळा याचाच. त्याने दोन्ही स्पंज काढले, कपडे उकळायच्या पातेल्यात टाकले आणि खाली जाळ लावला. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून जिवंत राखलेला गाळ फेस होऊन वर आला. तो बघत उभा राहिला आणि रडला.

मग टोपी घालून तो दारोदार फिरला. "माझ्या गाळात रोग आहे. कार्पच्या टबातून आला, चूक माझी. स्पंज उकळा, औषध टाका." कुणी दार तोंडावर लावलं.

यार्मिलाला मात्र तो म्हणाला, "हीटर बिघडला गं. मासे गारठले."

ती आता खुर्चीतच असायची. टाकीसमोर खुर्ची ओढून बसायची आणि निळ्या पाण्यात एकेक मासा तळाशी जाताना बघायची. बोहुमीर बादल्यांनी पाणी बदलत राहायचा. गाळाविना ते पुन्हा पुन्हा बिघडायचं. ती काही विचारत नव्हती, आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती.

फेब्रुवारीत एका दुपारी क्विदो बूट न काढताच आत आला. त्याची टाकी रिकामी झाली होती.

"जन्मभर आम्हाला अक्कल शिकवलीस. आणि स्वतः कार्पच्या टबात स्पंज घातलास? आठवडाभरात टोपी हातात घेऊन सांगायला आलास, त्याने माझे मासे परत येतात का?"

मग त्याला खुर्चीतली यार्मिला दिसली. तो ओशाळला, "माफ करा, वहिनी," म्हणाला आणि निघून गेला.

"हीटर नव्हता तर," यार्मिला म्हणाली.

"तुला वाईट वाटलं असतं. कार्प तू वाचवलास."

"सगळ्या गावाला खरं सांगितलंस. मला एकटीला नाही." ती टाकीकडेच बघत होती. "नदीत सोडला तो जगला असेल?"

"नाही."

"डॉक्टर काय म्हणाला व्हरांड्यात?"

बोहुमीरने बादली खाली ठेवली. "वसंताचं सांगता येत नाही म्हणाला."

तिने मान हलवली. जणू आकडा जुळला. त्याला तिचा हात धरायचा धीर झाला नाही. गेल्या आठवड्यापासून तिला जिना उतरवत नव्हता. खालच्या फाटकापर्यंतसुद्धा नाही.

"नाताळात मी नदीपर्यंत चालत गेले होते, बोहुमीर," ती म्हणाली. "ऑस्ट्रावाला बहिणीकडेही गेले असते."