कानाने तपासलेला नाही

काचेवर तोंडाची वाफ सोडायची, पण पुसायचं नाही, ही काकांची पद्धत. चष्म्यावर आपण 'हा' करतो तशी ते जुन्या व्हॉल्ववर वाफ सोडत. कोऱ्या दिसणाऱ्या काचेवर उडून गेलेला नंबर क्षणभर उमटायचा, तेवढ्यात ते वाचून घेत. मी फडकं पुढे केलं की हात धरत. "पुसू नका शेठ. पुसलं की नाव गेलं."

व्हॉल्व म्हणजे जुन्या रेडिओत दिव्यासारख्या पेटणाऱ्या काचेच्या नळ्या. कुणाचे वडील जातात, माळ्यावरून त्यांचा रेडिओ नाहीतर लाऊडस्पीकरचा ॲम्प्लिफायर निघतो आणि तो उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या माझ्या दुकानात येतो. मी हातगाडीवर भंगार गोळा करत इथवर आलो. माणसाचा चेहरा बघून मला भाव कळतो, व्हॉल्वचा कळत नाही. एकच नंबर, दिसायला सारखे, पण एक कचऱ्यात जातो आणि दुसऱ्यासाठी गाण्याचे शौकीन पुण्याहून गाडी काढून येतात. हा फरक काका सांगत.

अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. दर मंगळवारी शेअर रिक्षाने यायचे. व्हॉल्वच्या टोकाला आतून चंदेरी थर असतो, तो आधी बघत. पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली. "टाळू पांढरी झाली. याला आता आराम द्या." मग स्वतःच्या लाकडी पेटीतल्या ॲम्प्लिफायरला तो व्हॉल्व लावून पेन्सिलीने हलकी टिचकी मारत आणि स्पीकरला कान देत. काच थरथरून किणकिणली तर बाजूला. नाहीतर दोनच शब्द, "शांत आहे." ते ऐकलं की मी डोळे झाकून भाव दुप्पट करी.

एकदा बदलापूरची एक बाई वडिलांचा रेडिओ घेऊन आली. मी तिला भंगाराच्या भावावर आणून ठेवलं होतं. काका मध्येच म्हणाले, "ताई, यातले दोन चांगले आहेत बरं का."

ती गेल्यावर मी त्यांना धारेवर धरलं. "तुम्ही माझे की तिचे?"

"तुमचाच आहे शेठ. पण व्हॉल्व तिच्या बापाचे होते ना."

मग वांगणीला फार्महाऊस असलेलं एक गिऱ्हाईक चार व्हॉल्व घेऊन गेलं आणि आठवड्यात परत आलं. सारखी घूं घूं येते म्हणालं. मंगळवार होता, दुकान भरलेलं होतं. माझं डोकं फिरलं.

"कान गेलेत तर घरी बसा ना. शांत आहे म्हणे. बहिऱ्याच्या भरवशावर मी धंदा करतोय."

शेजारचा सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, बुजुर्ग आदमी है, ऐसा नहीं बोलने का." त्यालाही मी सुनावलं. काकांनी पेटीचं झाकण लावलं, "बरं शेठ," म्हणाले आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

माझी त्यांच्यावर तक्रार आहे ती हीच. उलटून एक शिवी घातली असती तर तिथेच भांडण झालं असतं, चहा झाला असता, विषय संपला असता. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. गप्प राहतात आणि सगळं आपल्या गळ्यात टाकून जातात.

दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक हसत आलं. "अहो, दोष माझ्याच ॲम्प्लिफायरमध्ये होता. कंडेन्सर बदलला. व्हॉल्व एकदम शांत आहेत तुमचे. आणखी मिळतील का?"

मी काकांना फोन लावला. एक रिंग वाजली आणि मी कापला. त्यांचा लगेच उलट फोन आला. मी उचलला नाही. फोन बघितलाय, आता मंगळवारी येतीलच, तेव्हा बघू, असं मनाशी म्हणालो.

या वर्षी त्यांच्या बायकोचा फोन आला. काका गेले होते, जलदान विधीही होऊन गेला होता. मी अंबरनाथला गेलो. मावशींनी पलंगाखालून एक खोका ओढला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले साठ-सत्तर व्हॉल्व.

"सांगून गेलेत, दुसऱ्या कुणाला दाखवू नको, शेठला बोलव. गुडघ्यांमुळे तुमच्याकडे येणं सुटलं ना त्यांचं."

"हो, गुडघे," मी म्हणालो.

प्रत्येक पुडीत चिठ्ठी होती. नंबर, कुठल्या रेडिओतला, चांदी कशी. जुन्या चिठ्ठ्यांच्या शेवटी 'शांत आहे'. नंतरच्या सगळ्यांवर वेगळंच होतं. 'कानाने तपासलेला नाही. शेठनी दुसऱ्याकडून खात्री करून घ्यावी.'

"शेवटी शेवटी रेडिओ लावायचे आणि लगेच बंद करायचे," मावशी सांगत होत्या. "म्हणायचे, मला काय आता नीट ऐकू येतंय. आणि मी आत हळूच झाकणी ठेवली तरी विचारायचे, काय पडलं गं?"

मी एकेक व्हॉल्व उजेडात धरून बघितला. मग भाव सांगितला. पूर्ण सांगितला, गिऱ्हाईक मला देईल तेवढा.

मावशी घाबरल्या. "एवढे? त्या चिठ्ठ्या वाचल्यात ना? तपासलेले नाहीत असं लिहिलंय त्यांनी. मग कमी नाही का होणार?"

"नाही होणार, मावशी. त्यांचे कान चांगले होते."

मावशी म्हणाल्या, "हे त्यांना सांगायला हवं होतं कुणीतरी."

मी मान हलवली आणि सोडलेल्या पुड्या पुन्हा बांधायला घेतल्या.